जुने साठवण कार्ड आणि नवी प्रणाली : अल्मालिनक्स ९ चे परीक्षण

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी मासिके, हस्तलिखिते आणि गावातील बंद पडलेल्या संस्थांची दप्तरे स्कॅन करून जपण्याचे काम गेली कित्येक वर्षे चालू आहे. हे सगळे ज्या सर्व्हरवर साठते, तो २०११ सालचा आहे. त्यात झिऑन ५६०० मालिकेचे दोन प्रोसेसर आहेत, समोरच्या बाजूला हार्ड डिस्कचे आठ कप्पे आहेत आणि त्या आठही डिस्क एलएसआयच्या एसएएस २००८ चिपवर चालणाऱ्या एका कंट्रोलर कार्डाला, म्हणजे डिस्क आणि यंत्र यांना जोडणाऱ्या साठवण कार्डाला, जोडलेल्या आहेत. २०१६ मध्ये आम्ही त्यात ४ टीबीच्या आठ डिस्क बसवल्या आणि त्यांचा सॉफ्टवेअर रेड ६ (RAID, म्हणजे अनेक डिस्क प्रणालीकडून एकत्र बांधण्याची पद्धत) केला, त्यामुळे दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती शाबूत राहील अशी २४ टीबी जागा मिळाली. यंत्र जुने असले तरी धडधाकट आहे. अडचण आली ती प्रणालीची. त्यावर सेंटओएस ७, म्हणजे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची मोफत प्रत, चालत होते आणि त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली वाचनालयाच्या जाळ्यावर ठेवणे मला पटत नव्हते, आणि चालू स्थितीतले यंत्र केवळ प्रणालीपायी मोडीत काढणे समितीला परवडण्यासारखे नव्हते. त्यातून जे केले त्याचा, म्हणजेच या जुन्या साठवण कार्डावर चालवलेल्या अल्मालिनक्स ९ या मोफत लिनक्स प्रणालीचा, हा आढावा आहे.

ज्यांनी असा प्रयत्न कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी मूळ अडचण नीट मांडणे आवश्यक आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची ८ वी आवृत्ती मे २०१९ मध्ये आली, तेव्हा कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) अनेक जुन्या साठवण कार्डांचा आधार काढून घेण्यात आला. येथे बारकाईने पाहायला हवे, कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढलेला नाही. एसएएस २००८ ज्या एमपीटी३सॅस ड्रायव्हरने चालते तो कर्नलमध्ये आहेच आणि त्याच घराण्यातील नवी कार्डे त्यावर व्यवस्थित चालतात. प्रत्येक ड्रायव्हरपाशी तो कोणकोणती कार्डे ओळखतो याची क्रमांकांची एक यादी असते, त्या यादीतून जुन्या कार्डांचे क्रमांक तेवढे वगळले गेले. एसएएस २००८ चा क्रमांक १०००:००७२. एसएएस २१०८ चिपवरची, १०००:००७९ या क्रमांकाची रेड कार्डे मेगारेड ड्रायव्हरच्या यादीतून अशीच गेली. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये मात्र हे क्रमांक कधीच काढले गेले नाहीत. म्हणजे कार्ड चालवण्याचे ज्ञान कर्नलपाशी आहे, परंतु त्या कार्डाला ओळख न देण्याचा निर्णय वितरण (लिनक्सची तयार बांधलेली प्रणाली) पुरवणाऱ्याने घेतलेला आहे. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. दहा वर्षे दुरुस्तीची हमी द्यायची, तर ज्या कार्डांची चाचणी घेणे शक्य नाही त्यांची जबाबदारी कशाला घ्यायची, असा तो हिशेब आहे. फक्त तो हिशेब हमीचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा आहे आणि आमच्यासारखी वाचनालये त्यात कोठेच बसत नाहीत.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते सांगतो. मी आधी याच घराण्यातील दुसरे एक वितरण लावून पाहिले होते. इन्स्टॉलरच्या डिस्क निवडण्याच्या पडद्यावर मदरबोर्डाला जोडलेली छोटी एसएसडी तेवढी दिसली आणि कार्डावरच्या आठ डिस्कपैकी एकही दिसली नाही. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो, मग कार्डावर जातो आणि माणूस विनाकारण यंत्र उघडून बसतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जावे आणि एलएसपीसीआय ही आज्ञा ड्रायव्हर दाखवण्याच्या पर्यायासह द्यावी. कार्डाचे नाव आणि क्रमांक यादीत दिसतो, परंतु त्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे हे सांगणारी ओळ नसते. ती एक ओळ नसणे हेच या दुखण्याचे नेमके लक्षण आहे. ते दिसले की केबल हलवण्याचे कारण उरत नाही.

अल्मालिनक्सने येथे जे केले त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ ची मुदत २०२१ अखेर संपवण्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर जी पर्यायी वितरणे उभी राहिली त्यांत हे एक होते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. सुरुवातीला मूळ प्रणालीची अक्षरशः जशीच्या तशी प्रत काढणे हेच त्यांचे धोरण होते. जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ सोर्स खुला ठेवण्याची पद्धत बदलली, तेव्हा अल्मालिनक्सने हुबेहूब प्रतीचा आग्रह सोडला आणि मूळ प्रणालीसाठी बनवलेले प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील एवढीच सुसंगतता राखायचे ठरवले. तेव्हा ही माघार वाटली होती. आता मागे वळून पाहता मला ती वाचनालयासारख्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने फार मोठी मोकळीक वाटते, कारण हुबेहूब प्रत काढायची असेल तर वगळलेले क्रमांक परत घालता येत नाहीत. मे २०२४ मध्ये आलेल्या ९.४ आवृत्तीपासून त्यांनी ते परत घातले. एमपीटी३सॅस, मेगारेड, एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांचा एचपीएसए, अ‍ॅडॅप्टेकचा एएसीरेड आणि फायबर चॅनेलचे काही ड्रायव्हर अशी ती यादी बरीच मोठी आहे.

इन्स्टॉल करण्यापूर्वी मी दोन कामे केली. सर्व फायलींची शा२५६ बेरीज (फाईल बदलली तर लगेच कळावे यासाठीचा आकडा) काढून ती यादी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली, आणि संपूर्ण माहितीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून त्या डिस्क ग्रंथपालांच्या कपाटात ठेवल्या. त्यानंतर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले आणि पुढे काहीही न निवडता थेट दुसऱ्या कन्सोलवर गेलो. एलएसबीएलके या आज्ञेने आठही डिस्क एकाखाली एक दाखवल्या, आणि कार्डाच्या नावाखाली एमपीटी३सॅस ही ओळ उमटलेली होती. ड्रायव्हरची वेगळी डिस्क नाही, सुरुवातीच्या ओळीत जास्तीचा पर्याय नाही, काही नाही. जे यापूर्वी इतक्या खटपटीचे होते ते इतक्या सहज झालेले पाहून मला मनापासून समाधान वाटले.

एवढी खात्री झाल्यावर यंत्र बंद केले, कप्प्यांवर १ ते ८ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आठही डिस्क बोटभर बाहेर ओढून ठेवल्या. प्रणाली मदरबोर्डाच्या साध्या साटा पोर्टवरील एसएसडीवर बसवली. ही व्यवस्था मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवेन. ज्या कार्डाचा आधार कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे, त्या कार्डावर मूळ प्रणाली कधीही ठेवू नये. प्रणाली वेगळ्या एसएसडीवर असली की एखाद्या अद्ययावतीनंतर कार्ड ओळखले गेले नाही, तरी यंत्र सुरू होते, त्यात दुरून शिरता येते आणि जुन्या कर्नलवर परत जाता येते. त्याच हेतूने एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याच्या फाईलमध्ये) माहितीच्या जागेच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहावा. तो नसेल तर डिस्क न दिसल्यास यंत्र आणीबाणीच्या पडद्यावर अडकून बसते आणि मग गावातल्या कोणाला तरी फोन करून कीबोर्ड जोडायला सांगावे लागते.

डिस्क परत आत ढकलून यंत्र सुरू केल्यावर रेड आपोआप जुळला, मात्र त्याचे नाव जुन्या एमडी० ऐवजी एमडी१२७ असे झाले. नव्या प्रणालीच्या नोंदीत जुन्या रेडचा उल्लेख नसला की असे होते. त्यात माहितीला काहीही धोका नसतो, परंतु एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिणे का गरजेचे आहे ते येथे कळते. खरा घोटाळा त्यापुढे झाला. रेड जुळलेला दिसत होता, पण त्यावरचा एलव्हीएमचा (डिस्कची जागा गटांत वाटणाऱ्या व्यवस्थेचा) गट कोठेच दिसेना. व्हीजीएस आज्ञेने फक्त एसएसडीवरचा गट दाखवला. चौदा टीबी स्कॅन पुसली गेली की काय, या विचाराने मी त्या क्षणी हादरलो होतो. कारण साधे निघाले. या ९ व्या पिढीपासून एलव्हीएम कोणत्या डिस्ककडे पाहायचे याची एक फाईल ठेवते; इन्स्टॉलच्या वेळी डिस्क बाहेर ओढलेल्या असल्याने त्या फाईलमध्ये रेडची नोंद झालेली नव्हती. व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस ही आज्ञा सर्व गटांसाठी एकदा दिली आणि जुना गट जसाच्या तसा समोर आला. हा कार्डाच्या ड्रायव्हरचा दोष नसतो, तरीही जुन्या सेंटओएसवरून येणाऱ्या माणसाला तो तसाच भासेल, म्हणून येथे सविस्तर लिहिले आहे. रेड दिसतो आणि गट दिसत नाही, अशा स्थितीत कृपा करून काहीही नव्याने बनवू नये किंवा फॉरमॅट करू नये.

पुढे शा२५६ ची यादी ताडून पाहण्यास दीड दिवस लागला आणि एकही फाईल वेगळी निघाली नाही. साम्बाच्या, म्हणजे जाळ्यावरून फायली देणाऱ्या सेवेच्या, सामायिक फोल्डरसाठी एसईलिनक्सची (सुरक्षेच्या यंत्रणेची) लेबले पुन्हा द्यावी लागली. ते किरकोळ काम होते.

वेगाविषयी वाचकांच्या मनात शंका असेल. पंधरा वर्षांपूर्वीच्या चिपमुळे नवी प्रणाली अडखळत तर नाही ना? यासाठी मोजमापापेक्षा साधे गणित पुरेसे आहे. हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या आठ मार्गिकांवर बसते, म्हणजे कागदावर सेकंदाला ४ जीबी. एक फिरती हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १५० ते २०० एमबी देते. आठही एकदम धावल्या तरी ते दीड जीबीच्या आसपास भरते. आणि वाचनालयाचे जाळे गिगाबिटचे आहे, त्यातून सेकंदाला ११८ एमबीच्या वर काही जातच नाही. सगळ्यात अरुंद जागा जाळे आहे, कार्ड नव्हे. ज्यांना त्या आठ पोर्टांना वेगवान एसएसडी जोडायच्या असतील त्यांना मात्र हे कार्ड अपुरे पडेल, आणि त्यांनी ते घेऊ नये.

या कार्डाचे फर्मवेअर हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. सॉफ्टवेअर रेडसाठी कार्ड आयटी पद्धतीच्या फर्मवेअरवर असावे, म्हणजे ते डिस्कवर आपला कोणताही थर न चढवता प्रत्येक डिस्क प्रणालीला सरळ दाखवते आणि स्मार्टसीटीएल या आज्ञेने तिची प्रकृती तपासता येते. या चिपचे शेवटचे फर्मवेअर २०.००.०७.०० हे आहे. विसाव्या टप्प्याच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये दोष आढळले होते, त्यामुळे नुसते ‘वीस’ पाहून समाधान मानू नये, शेवटचे आकडेही वाचावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी राखीव म्हणून असेच एक वापरलेले कार्ड घेतले. दुकानदाराने ते ‘तयार’ म्हणून दिले होते, प्रत्यक्षात त्यावर रेडचे जुने फर्मवेअर निघाले. ते बदलण्याची सोय डॉस किंवा यूईएफआय शेलमधून होते, परंतु पहिल्यांदाच करणाऱ्याने चालू सर्व्हरमधील कार्डावर हा प्रयोग करू नये. आणखी एक गोष्ट उन्हाळ्याची. ही चिप हवेच्या जोरदार झोतात राहण्यासाठी बनवलेली आहे. सर्व्हरच्या पेटीत तो झोत असतो, घरच्या टॉवर कॅबिनेटमध्ये नसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो; अशा ठिकाणी कार्डासमोर स्वतंत्र पंखा लावल्याशिवाय ते वापरणे योग्य नव्हे.

इतर पर्यायांचा विचार केला नव्हता असे नाही. यांपैकी एलरेपोविषयी आदराने लिहिले पाहिजे. स्वयंसेवकांनी चालवलेले हे भांडार वगळलेल्या कार्डांचे ड्रायव्हर स्वतंत्र पॅकेज म्हणून पुरवते, शिवाय इन्स्टॉलच्या वेळी लावण्यासाठी ड्रायव्हर डिस्कही देते. सुरुवातीच्या ओळीत ‘इन्स्ट.डीडी’ लिहिले की इन्स्टॉलर ती विचारतो. अल्मालिनक्सने क्रमांक परत घालण्यापूर्वी असंख्य जुनी यंत्रे याच आधारावर चालली. एका ओळखीच्या शाळेत मीही ही पद्धत वापरली होती. ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येत असल्याने कर्नलच्या एका उपआवृत्तीतून दुसरीत जाताना त्यासाठी नवे पॅकेज आले आहे की नाही हे आधी पाहावे लागते. मी एका शनिवारी ते न पाहता अद्ययावत केले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि सोमवारी शाळेला आपल्या फायली दिसल्या नाहीत. चूक पूर्णपणे माझी होती आणि जुना कर्नल निवडून ती अर्ध्या तासात सुधारली, परंतु जिथे रोज लक्ष ठेवणारा माणूस नाही तिथे ही पद्धत जोखमीची आहे असे माझे मत तेव्हापासून झाले. शिवाय सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रांवर एलरेपोची किल्ली वेगळी नोंदवावी लागते. अल्मालिनक्समध्ये ड्रायव्हर त्यांच्याच स्वाक्षरीच्या कर्नलसोबत येत असल्याने ती पायरीच उरत नाही.

डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स वितरणावर हे कार्ड कोणत्याही खटपटीशिवाय चालते, कारण मूळ कर्नलमधील क्रमांक त्यांनी काढलेले नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते अवश्य निवडावे. आमच्याकडे सगळी लिखापढी, स्क्रिप्ट आणि मदतनीस मुलांचा हात सेंटओएसच्या पद्धतीवर बसलेला होता, म्हणून आम्ही त्याच घराण्यात राहिलो. ज्यांचे जुने कार्ड व्हीएमवेअर ईएसएक्सआय या, एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीखाली आहे त्यांची स्थिती अधिक कठीण आहे. २०२० मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीतून लिनक्स ड्रायव्हरचा जुना सांधाच काढून टाकण्यात आला आणि त्यावर अवलंबून असलेल्या कार्डांना परत आणणारे कोणी उरले नाही.

अल्मालिनक्स ९ च्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. परत घातलेला क्रमांक म्हणजे चाचणीची हमी नव्हे. मूळ वितरक या कार्डांवर चाचण्या घेत नाही. उद्या एखाद्या दुरुस्तीत फक्त जुन्या चिपवर दिसणारा दोष शिरला, तर तो आपल्यासारख्याच कोणाला तरी आधी सोसावा लागेल. म्हणून मी दर वेळी दोन जुने कर्नल राखून ठेवतो, अद्ययावत करण्यासाठी सुट्टीचा नव्हे तर कामाचा दिवस निवडतो, आणि रेडची संपूर्ण तपासणी नियमित होते आहे ना हे पाहतो. रेडमधील एखादी डिस्क बदलली तर ४ टीबी पुन्हा भरायला साडेआठ-नऊ तास लागतात आणि तेवढा वेळ यूपीएस टिकणार नाही, हेही आधीच धरून चालावे. बँक, रुग्णालय किंवा जिथे एक तासाचा खोळंबाही चालत नाही अशा ठिकाणी मी ही रचना सुचवणार नाही. तिथे हमी असलेले नवे कार्ड घेणेच रास्त आहे. ज्यांच्याकडे याहून जुने, एसएएस १०६८ई चिपवरचे कार्ड आहे त्यांनाही माझा सल्ला वेगळा आहे. ते कार्ड २ टीबीहून मोठी डिस्क पूर्ण ओळखतच नाही, तेव्हा ड्रायव्हर मिळाला तरी त्यात वेळ घालवू नये.

पुढच्या पिढीचाही प्रश्न आहे. ९ वी पिढी एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर मागते, तो आमच्या झिऑन ५६०० मध्ये आहे. रेड हॅटची १० वी आवृत्ती व्ही३ मागते, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला, २०१३ च्या हॅसवेल पिढीपासूनचा प्रोसेसर. तिथे आमचे यंत्र बाद होते. अल्मालिनक्स १० ने व्ही२ साठी वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली आहे, ही त्यांच्याविषयी विश्वास वाढवणारी गोष्ट आहे. तरीही मी घाई करणार नाही. ९ व्या पिढीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मे २०३२ अखेरपर्यंत मिळणार आहेत, आणि तोवर या यंत्राचे पॉवर सप्लाय आधी थकतील अशी माझी अपेक्षा आहे.

सध्या सर्व्हर अल्मालिनक्स ९ वर सुरळीत चालू आहे आणि स्कॅनिंगचे काम एका दिवसाहून अधिक अडलेले नाही. लॅमिंग्टन रोडवरचे ते राखीव कार्ड मी योग्य फर्मवेअर घालून, याच यंत्रात एकदा लावून, आठही डिस्क दिसतात हे पाहून मगच ठेवले आहे. ते स्थिरविद्युतरोधक पिशवीत, वर फर्मवेअरचा आकडा, तपासणीची तारीख आणि व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेसची ती एक ओळ लिहिलेल्या कागदासह, बॅकअपच्या डिस्कशेजारी त्याच कपाटात आहे.